धुळ्याहून सरळ होऊन येणारी चाकं

यावलच्या आमच्या गॅरेजमधून आजवर जी चाकं सरळ होऊन गेली, त्यांतलं एकही मी सरळ केलेलं नाही. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा लिहून पुसलं आहे की कागदावर आल्यावर ते फारच लहान वाटतं. सायकलीशी ज्याचा संबंध नाही तो म्हणेल, त्यात काय एवढं. म्हणून आधी गॅरेजचं सांगतो.

दुकान काढलं नानांनी, माझ्या वडिलांनी. सुरुवातीला नुसत्या भाड्याच्या सायकली होत्या. केळीच्या मळ्यात कापणीला जाणारे मजूर सकाळी सायकल नेत आणि संध्याकाळी चिखलाने माखलेली आणून भिंतीला टेकवत. भाड्यापेक्षा दुरुस्तीचंच काम जास्त निघतंय हे लक्षात आल्यावर नानांनी भाड्याच्या सायकली एकेक करून विकल्या आणि पत्र्याची शेड मागे वाढवली. पुढे मोपेड आल्या, मग मोटारसायकली. मोटारसायकलींचं काम मी अंगावर घेतलं. ते मला आवडायचं आणि येतंही. उगाच नम्रपणा दाखवत नाही. ढकलत आणलेली गाडी चालू करून परत पाठवण्यात मी कधी कुणाला फसवलं नाही.

पण आमचं नाव झालं ते चाकांमुळे. सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकायला लागलं की त्याला 'आउट आलं' म्हणतात. तारा थोड्या सैल, थोड्या घट्ट करत ते लचकणं घालवायचं, म्हणजे आउट काढायचं. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक तार आवळली की समोरची रुसते, तिची समजूत काढावी तर तिसरीच वाकडी होते. नानांनी मला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मला धीर नव्हता. मी पाना लावून जोर करायचो आणि चाकाचा पापड करून ठेवायचो.

शिकली ती अक्का, माझी थोरली बहीण. ती नानांचा डबा घेऊन यायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत चाकाशी बसायची. डाव्या अंगठ्याचं नख रिमच्या इतकं जवळ धरायची की लचकणारी जागा आली की नखाला टिचकी बसावी. चाकाकडे बघायचीसुद्धा नाही. शाळेतलं काहीतरी सांगत असायची, मध्येच पाना फिरवायची, पुन्हा सांगायला लागायची. थोड्याच दिवसांत नानांना चाकाला हात लावायची गरज उरली नाही. "हिला नको ते लवकर येतं," असं ते आईला म्हणाले होते. नानांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मग एके सकाळी एक दूधवाला ठरल्या वेळेच्या आधीच आला. सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावून खड्ड्यांतून जाणारा माणूस, त्याचं चाक दर महिन्याला आमच्याकडे. त्याने आत डोकावून बघितलं तर त्याचं चाक अक्काच्या हातात.

"काय नाना, पोरीच्या हातचं चाक लावून दूध नेऊ का मी?" तो म्हणाला. "फैजपूर येईतो दही व्हईल त्याचं."

दुकानात बसलेले सगळे हसले. नानाही हसले. आणि हसता हसता म्हणाले, "अरे, ती नुसती पुसतेय. काम पोराचं आहे."

पोरगा म्हणजे मी. दूधवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, कुणी डोळ्यांनी खुणावलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नानांनी शेडच्या मागच्या भागात ताडपत्रीचा पडदा लावला. अक्का पडद्याच्या आत बसायला लागली आणि मी चाक घेऊन बाहेर यायला लागलो, फडक्याला हात पुसत. आउट काढताना हात काही तेवढे काळे होत नाहीत. माझे असायचे ते इंजिनच्या तेलाने. पण गिऱ्हाइकाला ते कसं कळणार?

अक्काचं लग्न धुळ्याला झालं. भाऊजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, देवपुरात घर. तिच्यामागे नानांनी मला पुन्हा चाकाशी बसवलं. आठवडाभरात तीन-चार जण परत आले, आणि एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं की पोराचं कुठे लक्ष असतं हल्ली, त्याचंही लग्न उरकून टाका. तेव्हा नानांनी एक चाक गोणपाटात गुंडाळलं, सामानाचं तिकीट काढलं आणि चोपडा-अमळनेरवरून धुळ्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत चढवलं. भाऊजींनी ते स्टँडवर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ते सरळ होऊन आलं. एखादा कारागीर मिळेपर्यंतची सोय, असं नाना म्हणाले होते. नाना गेले तरी ती सोय चालूच राहिली. मजुरी मी वेळेवर पाठवायचो, आणि तेवढ्यावर आपण तिचं काही देणं लागत नाही असं समजायचो.

आता गिऱ्हाईक विचारणारच, चाकाला दोन दिवस कशाला? इथे मी एक थाप मारली. म्हटलं, आउट काढल्यावर तारा लगेच घरात बसत नाहीत. चाक एक रात्र टांगून ठेवावं लागतं, बसू द्यावं लागतं. नवीन भिंतीला पाणी मारतात तसं. हे इतकं पटण्यासारखं निघालं की लोक दुसऱ्यांना सांगायला लागले. फैजपूरला स्टँडजवळ एका चाचांचं सायकलचं जुनं दुकान आहे. एकदा सामान घ्यायला गेलो तर त्यांच्या आढ्याला चाकं टांगलेली. मी विचारलं, हे काय? चाचा म्हणाले, "बसने दिया है. तुमच्याकडे करतात ना, गिऱ्हाईक आता तसंच मागतं." पुढे सावद्यालाही एका दुकानात टांगलेली चाकं दिसली. माझी बहीण धुळ्यात राहते एवढ्या एका कारणासाठी सगळ्या पट्ट्यातली सायकलची दुकानं चाकं आढ्याला टांगून ठेवत होती. मला हसू यायला हवं होतं. पण चाचांच्या दुकानातून मी चहा न घेताच निघालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला मला इतकी वर्षं लागली नसती.

मुलं थोडी मोठी झाल्यावर अक्काने देवपुरातल्या घराच्या ओट्यावर दुकान टाकायचं मनात आणलं. फक्त चाकांचं काम, स्वतःच्या नावाचा बोर्ड. भाऊजी तयार होते, वर्कशॉपमध्ये घासून-तासून त्यांनी चाक धरायचा एक स्टँडही बनवला होता. अक्काने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. धुळ्यातल्या सायकलच्या व्यापाऱ्यांना मी येऊन सांगायचं की यावलची चाकं म्हणतात ती हिची. बाईच्या हाताला नुसत्या बोर्डावर कुणी काम देणार नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी हो म्हणालो. आणि तिच्या नकळत भाऊजींना एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं. तिथे मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, पण सगळं लिहीत नाही. मतलब असा की देवपुरात तुमच्या दारासमोर हमाल, रिक्षावाले चाकं घेऊन उभे राहतील, वर्कशॉपमधले लोक तुम्हाला काय म्हणतील, आणि मुली मोठ्या होतायत. भाऊजी साधे माणूस. मेहुणा, तोही त्याच धंद्यातला, आपल्या भल्याचंच सांगतोय असं त्यांना वाटलं. घरी जाऊन त्यांनी विषय बंद केला. तो स्टँड मग माळ्यावर गेला. मला भीती कशाची होती? तिचा बोर्ड लागला असता तर माझी चाकं तिथून येतात हे लोकांना कळलं असतं. बस, एवढीच. तिच्या दुकानावर मी माझ्या नावासाठी पाणी फिरवलं आणि पुढच्याच आठवड्यात नेहमीसारखं चाक गाडीत चढवलं. तिने ते नेहमीसारखं सरळ करून पाठवलं.

मध्ये एसटीचा संप लांबला. तेव्हा मी मोटारसायकलवर मागे चाकं बांधून दर आठवड्याला धुळ्याला जायचो. अक्का ओट्यावर बसून काम करायची, मी समोर बसून राहायचो. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. भाऊजी संपात डेपोवर बसलेले, आम्ही दोघंच असायचो. मी केळीच्या भावावर बोलायचो.

आणि मग, ज्या धंद्यात आता फक्त मोटारसायकलच उरणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तिथे सायकल परत आली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी. जळगावात पहाटे टोळीने सायकली काढणारे लोक, गिअरच्या महागड्या सायकली, पातळ रिमा. त्यांच्यापैकी कुणीतरी माझ्याकडे चाक आणलं, ते सरळ होऊन गेलं, आणि माझं नाव जळगावभर झालं. लोक चाक घेऊन यावलपर्यंत यायचे. अक्काचे डोळे आता अधू झालेत, पण तिला त्यांची गरज आधीही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्या मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारचा कार्यक्रम ठेवला. मी यायचं आणि सगळ्यांसमोर एक चाक सरळ करून दाखवायचं. कंबर धरल्याचं सांगून सुटावं असं आधी मनात आलं. फोन करणारा एक दाताचा डॉक्टर होता. तो म्हणाला, "काका, तुमचा हात राहील तोवर कुणाला तरी देऊन ठेवा." त्याच्या मनात काही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये बसून राहिलो आणि पहिल्यांदा ठरवलं की नाही म्हणायचं नाही, जायचं आणि सांगायचं. कधी नव्हे ते ठरल्यावर बरं वाटलं. आणि लगेच कळलं की हॉलमध्ये बोलणं सोपं आहे. आधी देवपुरात बोलायचं आहे.

मी धुळ्याला गेलो तेव्हा दुपार होती. भाऊजी आता निवृत्त आहेत, ते आत खाटेवर पेपर वाचत होते. अक्का ओट्यावर माझंच एक चाक घेऊन बसली होती. मी तिला आधी कार्यक्रमाचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, जा की मग, पापड करून दाखव सगळ्यांना.

मग मी दुकानाचं सांगितलं. हॉटेलात भाऊजींशी काय बोललो, का बोललो. भाऊजींना आत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. हळू बोललो असतो तर ते पुन्हा अर्धंच सांगणं झालं असतं. पेपरचा आवाज थांबला.

अक्काचा हात थांबला नाही. चाक फिरत होतं, नखाला टिचक्या बसत होत्या. टिचक्या थांबल्या तेव्हा तिने पाना खाली ठेवला. इतकी वर्षं धुळ्यात राहून तिची बोली अहिराणी झाली आहे. लग्नानंतर सुरुवातीला मी तिला त्यावरून चिडवायचो.

"माले वाटे, यास्नंच मन फिरनं," ती म्हणाली. भाऊजींचंच मन फिरलं असं तिने धरलं होतं, आणि एवढी वर्षं त्यांना मनात माफ करत आली होती. "बिनकामनी माफी दिधी मी यास्ले."

मी खाली ठेवलेला पाना उचलला, पुसला आणि परत तिच्याजवळ ठेवला.

"रविवारले मी येसू," ती म्हणाली. "पन मी बोलाव नही. तू सांगशी. बठ्ठं. हॉटेलनंबी."

मी म्हणालो, सगळं? हॉटेलचंही? लोकांसमोर? माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हणालो, सांगतो.

आतून भाऊजी आले. ते मला काही बोलतील असं वाटलं. ते स्टूल घेऊन माळ्याकडे वळले आणि वरून तो स्टँड काढायला लागले. मी धरायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या." एवढंच.

रविवारी हॉल भरला होता. चाचांना मी मुद्दाम फैजपूरहून बोलावलं होतं. त्यांच्या आढ्यालाही माझी थाप टांगलेली होती. अक्का पहिल्या रांगेत भाऊजींच्या शेजारी, स्टँड त्यांच्या पायांशी. मी उभा राहिलो. दूधवाल्यापासून सुरुवात केली. दह्याच्या वाक्याला लोक हसले, जसे तेव्हा हसले होते, आणि मला थांबावं लागलं. मग पडदा सांगितला, गाडीतलं चाक सांगितलं, दोन दिवसांची थाप सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या चाकानेच जास्त किलोमीटर केले." पुन्हा हशा. लोक चांगले होते, मला सोडून द्यायला तयार होते. तिथे बसलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. म्हणून मी न थांबता हॉटेलचं सांगितलं.

तेव्हा कुणी हसलं नाही. रावेरकडचा एक व्यापारी उठून बाहेर गेला. त्याची दोन्ही चाकं तेव्हा माझ्याकडे होती. मी म्हणालो, "हे काम माझ्या बहिणीचं आहे. ती इथे बसली आहे. आता ती दाखवेल," आणि खाली उतरलो.

अक्का वर गेली. भाऊजींनी स्टँड लावून दिला. आउट आलेलं एक चाक कुणीतरी दिलं आणि ती कामाला लागली. पुढे आलेल्या बायका-पुरुषांना तिने दटावलं की सावली करू नका, मला नाही लागत उजेड, पण तुम्हाला दिसायला हवं ना. एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? ती म्हणाली, डबा द्यायला जायची तिथे. चाक सरळ झालं तेव्हा तिने ते फिरवून सोडलं आणि ते थांबेपर्यंत पुढचे लोक वाकून रिमकडे बघत होते. मी दाराशी उभा होतो. मला तिथे जागा होती, बसा म्हणत होते, पण मी उभाच राहिलो.

निघताना चाचांनी मला गाठलं. "अरे भो," ते म्हणाले, "इतकी वर्षं चाकं टांगतोय तुझ्यामुळे. रात्री उंदीर झोके घ्यायचे त्यांवर." मग म्हणाले, उद्यापासून टांगू की नको? मी म्हटलं, नका. ते विचारात पडले. गिऱ्हाइकाला सवय लागली आहे म्हणाले. अजूनही ते टांगतात.

देवपुरातल्या ओट्यावर आता बोर्ड आहे. पेंटरने आधी भाऊजींचं नाव वर आणि तिचं खाली असा नमुना काढून आणला होता. तिने तो परत पाठवला. धुळ्यातल्या व्यापाऱ्यांकडे मी तिला घेऊन गेलो. हे काम बऱ्याच वर्षांपूर्वीचं होतं आणि ते उशिरा केल्याने लवकर केल्यासारखं होत नाही. दोन व्यापाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. एक म्हणाला की आता ज्यात त्यात बायका, आणि अक्का तिथून उठली. मी त्याला पुढे काही बोलणार होतो, पण तिने मला हाताने थांबवलं. चौथं दुकान पुढच्या चौकात होतं.

भाऊजी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. गेलो की खुर्ची देतात, पाणी देतात, आणि आत जातात. मीही दर सुट्टीला जातो. त्यांनी बोलावं म्हणून नाही. जायचं ठरवलं आहे म्हणून जातो.

यावलच्या दुकानात मोटारसायकलींचं काम पूर्वीसारखंच आहे. चाक आलं की मी गिऱ्हाइकाला सांगतो की हे मला येत नाही, हे धुळ्याला माझी बहीण करते, गाडीने जाईल आणि उद्याच्या गाडीने येईल. काही जण ठेवून जातात. काही जण उचलून नेतात. परवा एक म्हातारा शेतकरी चाक घेऊन आला होता. नानांच्या वेळचा माणूस. त्याला मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने ऐकलं, चाक उचललं आणि विचारलं की मग तुझ्याकडे कशाला ठेवू, धुळ्याची गाडी मलाही मिळते.

मी त्याला देवपुरातला पत्ता सांगितला, आणि चाक गोणपाटात बांधून दिलं.